हजार वर्षांपूर्वीचा मासेमार, ६४९ रुपये आणि छपाईची माती

आधीच सांगून टाकतो, जुन्या इंग्रजीतल्या मासेमारीच्या शब्दांचं हे पुस्तक, त्यातल्या मजकुराला पाचपैकी साडेचार, आणि ज्यानं ते छापून विकलंय त्याला एक, तो एक पण बायंडिंगच्या दोऱ्याला कारण तो अजून सुटला नाही.

झालं असं की पोरगा आठवीला, भूमितीचा होमवर्क करत बसलेला, आणि मी शेजारी बसून गळाची गुंतलेली दोरी सोडवत होतो, तर त्यानं रीलच्या खोक्याकडं बघून विचारलं, पप्पा ह्यावर अँगलर लिहिलंय म्हणजे कोन मोजणारा का. बायको हसली, मी पण हसलो, पण उत्तर कुणालाच येत नव्हतं. मग रात्री मोबाईलवर शोधत बसलो आणि कळलं की हा अँगल वेगळा आणि भूमितीतला वेगळा, भूमितीतला लॅटिनमधनं फ्रेंचवाटे आलाय, मासेवाला इंग्रजांच्या घरचाच, जुन्या इंग्रजीत ‘अँगेल’ म्हणजे चक्क गळ. दोघांचं मूळ मात्र मागं कुठंतरी एकच, वाकडं असणं. आणि आपला अंकुश, अंक, हे पण त्याच घराण्यातले! आपण गळाला, हुकाला आकडा म्हणतोच की. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत हिशोब लिहितो, म्हणजे सहा दिवस आकडे मांडायचे आणि सातव्या दिवशी आकडा टाकायचा, हे मला इतकं आवडलं की बायकोला उठवून सांगितलं, तिनं काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. त्यात परत इंग्लंड हे नाव ज्या अँगल लोकांवरनं पडलं ते आताच्या जर्मनीतल्या ज्या भागातनं आले तो भाग म्हणे गळासारखा वाकडा होता म्हणून ते नाव पडलं असावं असं मानतात. म्हणजे दीडशे वर्षं आपल्यावर राज्य केलं ते गळवाल्यांनी, आणि आपण लागलो गळाला.

त्याच रात्री दीड वाजता हे पुस्तक ऑर्डर केलं. ६४९ रुपये, डिलिव्हरी फ्री, सहा दिवसांत सांगलीत आलं. दीड वाजता ऑर्डर केलेल्या वस्तूंचा माझा एकूण अनुभव चांगला नाही पण ते असो.

पुस्तक काय आहे ते सांगतो कारण वेबसाईटवर धड दिलेलंच नाही, तिथं नुसतं ‘मासेमारीचे जुने इंग्रजी शब्द, दुर्मिळ ग्रंथ’ असं होतं. आत आहे एल्फ्रिक नावाच्या एका साधूनं इसवी सन १००० च्या आसपास लिहिलेला संवाद, म्हणजे मठातल्या पोरांना लॅटिन बोलता यावं म्हणून गुरुजींनी रचलेली प्रश्नोत्तरं. एक पोरगा नांगऱ्या होतो, एक मेंढपाळ, एक शिकारी, एक मासेमार, एक चांभार, एक आचारी, आणि गुरुजी प्रत्येकाला विचारतात तुझा धंदा काय, दिवसभर काय करतोस. मूळ लॅटिनमध्ये. पण एका हस्तलिखितात, ते आता लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे, कुणीतरी प्रत्येक लॅटिन शब्दाच्या वर बारीक अक्षरात त्या काळच्या इंग्रजीतला शब्द लिहून ठेवलाय. आपण शाळेत संस्कृतच्या पुस्तकात पेन्सिलनं ओळींच्या वर अर्थ लिहायचो ना, सेम तसंच. त्या बारीक अक्षरांमुळं हजार वर्षांपूर्वीचा साधा मासेमार आपल्या जाळ्याला, टोपलीला, माशाला काय म्हणत होता ते आज कळतं. राजेलोकांच्या लढाया सगळे लिहून ठेवतात, मासेवाल्याच्या टोपलीचं नाव कोण लिहितंय.

मासेमाराचा भाग फक्त दोनेक पानांचा आहे, पण पैसे तिथंच वसूल. गुरुजी विचारतात मासे कसे धरतोस, तो म्हणतो होडीत चढतो, जाळं नदीत टाकतो, गळ टाकतो, आमिष टाकतो, टोपल्या टाकतो, आणि जे अडकेल ते घेतो. बास! एवढंच. जाळ्याला शब्द आहे ‘माक्स’, नेहमीचा ‘नेत्त’ पण होता पण इथं माक्स, टोपलीला ‘स्प्यूर्ते’, होडीला ‘शिप’ (तेव्हा शिप म्हणजे जहाजच असलं पाहिजे असं काही नव्हतं, गड्याची होडी पण शिपच). आमिषाला शब्द ‘ॲस’. आता हा ॲस इंग्रजीनं पुढं टाकून दिला, आज जो बेट म्हणतात तो व्हायकिंग लोकांकडनं उचललेला शब्द आहे आणि त्याचं नातं चावण्याशी आहे, चावायला लावतं ते बेट. जुन्या ॲसचं नातं मात्र खाण्याशी, आणि खाण्याचं ते मूळ म्हणजे आपल्या संस्कृतचा अद् धातू, ज्याच्यापासनं अन्न शब्द झाला. म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ आणि ताटातलं अन्न शब्दानं चुलतभाऊ निघाले, माशाच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच आहे म्हणा.

आणि मासे! फिश तेव्हा पण फिशच, स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच. पण अनेकवचन लिहिलंय ‘फिक्सास’. मला वाटलं छपाईची चूक, कारण पुस्तकात चुका ढिगानं आहेत (त्यावर येतोय, सोडणार नाही), पण ही चूक नव्हती, तोंडात दोन आवाज आलटून पालटून बसायचे लोकांच्या. आमच्या अडतीत डेस्कला सगळे डेक्सच म्हणतात, आणि मतलबचं मतबल तर अख्ख्या महाराष्ट्रात होतं, मग इंग्रजांचं झालं तर काय बिघडलं. हे वाचून पोराला इतका आनंद झाला की आता तो मुद्दाम डेक्स म्हणतो आणि आईनं टोकलं की हजार वर्षांची परंपरा सांगतो.

नदीत काय मिळतं असं विचारल्यावर तो मोजून सांगतो, ‘ॲलास’ म्हणजे ईल (सापासारखा लांबडा मासा), ‘हाकोदास’ म्हणजे पाईक नावाचा लांब तोंडाचा मासा, मग बारके मासे, मग ‘ॲलेपूतान’, मग ट्राऊट, लॅम्प्रे (हा पण ईलसारखा लांबडा), आणि पाण्यात जे जे पोहतं ते. समुद्रातले विचारल्यावर तर यादीच लागते, हेरिंग, ‘लेआक्स’ म्हणजे सॅमन (न्यूयॉर्कच्या ज्यू दुकानांत सॅमनला लॉक्स म्हणतात तो ह्याच घरचा शब्द), कालवं, खेकडे, शिंपले, ‘लोपेस्त्रे’ म्हणजे लॉबस्टर. आणि माझा सगळ्यात आवडता ‘मेरेस्वीन’. मेरे म्हणजे समुद्र, स्वीन म्हणजे डुक्कर, समुद्रातलं डुक्कर, डॉल्फिनच्या जातीतल्या प्राण्याला हे नाव! स्वीन आणि आपला सूकर पण नात्यातलेच. आता इतक्या गोंडस जनावराला डुक्कर का म्हटलं असेल असं वाटलं, पण ज्यांना ते कापून खायचं होतं त्यांना आतली चरबी दिसत असणार.

आता छपाई. हे असलं पुस्तक म्हणजे शंभर दीडशे वर्षं जुनी आवृत्ती स्कॅन करायची, कॉम्प्युटरला अक्षरं ओळखायला लावायची, आणि कुणी ऑर्डर केली की एक प्रत छापून पाठवायची. त्यात वाईट काही नाही, नाहीतर असली पुस्तकं सांगलीत कुठनं बघायला मिळणार. पण कॉम्प्युटरनं ओळखलेलं एकदा तरी माणसानं वाचायला नको का? जुन्या इंग्रजीत थ साठी वेगळं अक्षर होतं, थॉर्न म्हणतात त्याला, इंग्रजी पी ला वर शेंडी काढल्यासारखं दिसतं. कॉम्प्युटरनं सगळीकडं त्याचा पी केलाय. म्हणजे ‘थू’ (तू) चा ‘पू’ झालाय, आणि गुरुजी प्रत्येक पोराला पू पू करत प्रश्न विचारतायत. (ह्याच बिचाऱ्या थॉर्नचा पुढं छापखान्यात खिळा नसायचा म्हणून वाय वापरायला लागले आणि म्हणून जुनाट दिसायला दुकानावर जे ‘यी ओल्ड’ लिहितात ते खरं ‘द ओल्ड’ च आहे.) दुसरं अक्षर ए आणि ई चिकटलेलं, त्याचा ह्यांनी सरसकट सी-ई केलाय. त्यामुळं ईल झालाय ‘सेल’. आणि आमिष, तो ॲस, तो झालाय ‘सेस’! मी मार्केट यार्डातला माणूस, मला सेस म्हणजे बाजार समितीचा सेस एवढंच माहिती, मी पहिल्यांदा वाचलं की मासेमार नदीत जाळं टाकतो, गळ टाकतो आणि सेस टाकतो, म्हटलं बरोबर आहे, हजार वर्षांपूर्वी पण भरावा लागत असणार.

मागची शब्दांची यादी तर ह्याच चुकांनी अख्खी विस्कटलीय, कारण ए खाली शोधायचे शब्द सी खाली गेलेत. ईल शोधायला मला अर्धा तास लागला. शेवटी बॉसवर्थ-टोलरची जुन्या इंग्रजीची डिक्शनरी ऑनलाइन फुकट मिळते ती उघडून बसलो आणि एकेक शब्द पेन्सिलनं दुरुस्त केला. ६१ ते ६४ पानं दोनदा आहेत, ६५ आणि ६६ नाहीतच. कव्हरवर रबरी पँट घालून उभा असलेला आजचा कुणी गोरा, हातात फायबरचा रॉड. पॅकिंगबद्दल म्हणाल तर आमच्याकडं पाव किलो भडंगाला ह्याच्यापेक्षा जाड पिशवी असते, कोपरा दुमडलेलाच आला. तक्रार केली तर उत्तर आलं की मूळ जुन्या प्रतीतले दोष तसेच ठेवले आहेत. अहो मूळ प्रतीत पानं दोनदा होती का? परत लिहिलं तर शंभर रुपये वॉलेटला जमा, विषय बंद.

एवढं असून मी परत का केलं नाही ते सांगतो. पुढच्या रविवारी ते पुस्तक पिशवीत टाकून हरिपूरला गेलो. वारणा कृष्णेला मिळते त्याच्या जरा अलीकडं आमची बसायची जागा आहे, तिथं एक भोई मामा असतात, वय सत्तरीच्या पुढं, मी गळवाला म्हणजे त्यांच्या दृष्टीनं टाइमपासवाला, ते जाळंवाले. मी त्यांना एकेक प्रश्न मराठीत करून वाचून दाखवला आणि उत्तर आधी त्यांनाच विचारलं.

मासे कुठं विकतोस, गुरुजी विचारतात. शहरात. कोण घेतं? शहरातली माणसं, जेवढे विकतील तेवढे मला धरताच येत नाहीत. मामा म्हणाले, “ह्यो सुखी हाय बघ. आता रत्नागिरीवरनं बर्फातली सुरमई येतीया, आमची वाम कोण इचारतंय.” मग, खराब मासे निघाले तर? तो म्हणतो खराब बाहेर फेकतो, चांगले खायला ठेवतो. ह्यावर मामा काय बोलले नाहीत, नदीकडं बघत बसले, २०२३ ला अंकलीकडं मेलेल्या माशांचा खच लागलेला तो त्यांनी डोळ्यांनी बघितलाय, तिथं काय फेकणार आणि काय ठेवणार. मग मी घाईनं पुढचं वाचलं. समुद्रात का जात नाहीस? जातो कधीतरी, पण क्वचित, लई वल्हवावं लागतं तिथपर्यंत. मामा खो खो हसले, “आरं आमाला म्हैसाळपत्तुर जायचं जिवावर येतंय, ह्येला समुद्राला धाडत्यात!”

पण खरी मजा देवमाशाची. गुरुजी विचारतात, देवमासा धरशील का? आणि उत्तर एका शब्दात, ‘निक्’. म्हणजे न आणि मी जोडून केलेला शब्द, ‘मी न्हाई’. मला तर त्यात ‘नाय बा’ च ऐकू आलं. का नाही? कारण धोका आहे, अनेक होड्या घेऊन देवमाशाच्या मागं जाण्यापेक्षा आपली एक होडी घेऊन नदीवर जाणं बरं, मी मारू शकेन असा मासा मला चालेल, जो एका फटक्यात मला आणि माझ्या सोबत्यांना बुडवेल तो नको. गुरुजी चिडवतात, पण बाकीचे धरतात की, सुटून येतात आणि भरपूर पैसे पण मिळवतात. तो म्हणतो खरंय तुमचं, पण माझी छाती होत नाही. त्याच काळातल्या इंग्रजी कवितेत समुद्राला देवमाशाचा रस्ता म्हणायचे, म्हणजे कवी लोक काठावर बसून रस्ते काढणार आणि हा बिचारा म्हणतो त्या रस्त्याला मी जात नाही. मामांनी ते उत्तर माझ्याकडनं दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, “२०१९ च्या पुरात मला पण लोक म्हणत हुते, मामा गावात पाणी घुसलंय, होडी काढा, मासं काय गल्लीत मिळत्यात. आयर्विन पुलाला सत्तावन फूट पाणी आन ह्यांना मासं पायजेत. होडी काढली, पर माणसं आणायला. माशाला निक्.” आता आमच्यात निक् हा शब्द रुळलाय. मामांना चहा विचारला की व्हय, बिडी विचारली की निक्, डॉक्टरांनी बंद केलीय.

मागच्या टिपांमध्ये ईलवर बरंच काही आहे (सेल वर म्हणा, छपाईप्रमाणं). १०८६ ला विल्यम राजानं अख्ख्या इंग्लंडची जमीन-पाहणी करून वही बनवली त्यात कितीतरी ठिकाणी खंड पैशात नाही तर ईलमध्ये लिहिलाय, आणि मोजायचं माप ‘स्टिक’, एका काठीला पंचवीस ईल. आपल्याकडं वीसची कोडी असते तसं. मी हिशोबनीस माणूस, मला ह्या वहीतला एक पानभर हिशोब बघायला मिळाला असता तर पुस्तकाला पाच दिले असते, पण बहुतेक तो त्या गेलेल्या ६५-६६ वर असणार. ईली नावाचं गाव पण ईलवरनंच, तेवढे ईल तिथल्या दलदलीत असायचे. लॅम्प्रेची टीप पण भारी आहे, ११३५ ला इंग्लंडचा पहिला हेन्री राजा लॅम्प्रे जास्त खाऊन मेला असं त्या काळच्या बखरकारानं लिहून ठेवलंय, डॉक्टरनं नको म्हटलेलं तरी खाल्ले. मामांची बिडी आठवली.

एका टिपेवर मात्र मी जरा थांबलो. तो ॲलेपूतान, आजच्या इंग्रजीत बरबॉट. हजार वर्षांपूर्वी मासेमार पहिल्या पाच नावांत तो सहज घेतो, आणि तोच मासा इंग्लंडात शेवटचा धरल्याची नोंद १९६९ ची आहे, त्यानंतर नाहीच. नाव डिक्शनरीत, मासा नदीत नाही. मामांना विचारलं असं तुमचं काय आहे का, तर म्हणाले महाशीर, त्यांच्या वडिलांनी वरच्या डोहात धरलेला, ह्यांनी इकडं कधी बघितला नाही. मग बोटं मोडत आणखी चार नावं सांगितली, ती मी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतली, म्हणजे आता ह्या प्रतीत कृष्णेतले पण शब्द आहेत.

बाकी धंद्यांवर जास्त लिहीत नाही, नांगऱ्या रडतो, मेंढपाळ थंडीला वैतागलाय, आचाऱ्याला सगळे म्हणतात तुझ्याशिवाय आमचं चालेल. शेवटी सगळ्यात मोठा धंदा कुठला यावर भांडण लागतं ते वाचा, अगदी आपल्या बारा बलुतेदारांची चावडीवरची भांडणं. नांगऱ्याला पहिला नंबर दिला की लोहार उठतो आणि विचारतो, नांगराचा फाळ कुठनं आला, चांभाराची आरी कुठनं आली, मासेमाराचा गळ कुठनं आला, माझ्या भट्टीतनंच ना? पोराला तिथं परत अँगेल शब्द सापडला आणि त्यानं स्वतः थॉर्न ओळखून एक ओळ वाचली, पू न करता.

तर कुणी घ्यावं? इंग्रजी शिकवणाऱ्यांनी जरूर, गळ टाकणाऱ्यांनी जरूर, फक्त मासे धरायच्या टिप्स मिळतील म्हणून घेऊ नका, एकही नाही. ह्या विक्रेत्याची हीच प्रत घेणार असाल तर दोन वेळा विचार करा, तीनेकशे रुपयात मिळाली तर ठीक, ६४९ ला नको. आणि ज्यांच्याकडं ऑलरेडी आलीय त्यांनी खाली कमेंट टाका, मी यादीतल्या ११७ दुरुस्त्या पेन्सिलनं केल्यात, त्या पानांचे फोटो पाठवतो, आणि कुणाकडं ६५, ६६ पान असेल तर मला पाठवा.